उंबऱ्यापासून मोजलेला उपग्रह

त्लेमसेन, शनिवार, १८ एप्रिल

आदरणीय दादा,

सलाम. तीन महिने तुला पत्र नाही, माफ कर. (कामात होते असं लिहिणार होते, पण ते खरं नाही, आळस केला.) तिकडे मार्सेलात तुझी कंबर कशी आहे? इथे बाबा ठणठणीत आहेत, आणि तीच अडचण झाली आहे.

तुझ्या लेकीला, वहीबाला, ओरानच्या विद्यापीठात उपग्रहांच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. काल जुम्म्याच्या जेवणात कुसकुस वाढल्यावर बाबांनी निकाल दिला: जी वस्तू वर कशाच्या आधारावर आहे हे कुणाला सांगता येत नाही, तिच्यामागे घरची पोर धाडायची नाही. मी भौतिकशास्त्राची मास्तरीण. म्हटलं, गणितच करून दाखवते. हजार किलोचा उपग्रह, सातशे किलोमीटर वर. पृथ्वी त्याला किती जोराने ओढते? उत्तर आलं आठ लाख न्यूटन, म्हणजे जमिनीवर ओढते त्याच्या ऐंशीपट. बाबा शांतपणे म्हणाले, "मग चहा होईस्तोवर येतोच की खाली. त्यालाही एक पेला ठेवा."

"आत्या, अंतर जमिनीपासून धरलंस," वहीबा हळूच म्हणाली. "पृथ्वीच्या मध्यापासून धर ना." दादा, ही आपली त्लेमसेनकरांची खोड. मक्का किती लांब विचारलं, तरी आपल्या उंबऱ्यापासून सांगणार. पृथ्वीची त्रिज्या मी सोडूनच दिली होती. (याच चुकीसाठी मी मुलांचे गुण कापते. यापुढे कापावेत का, ठरत नाही.)

त्रिज्या मिळवल्यावर आठ हजार आले. जमिनीवरच्या ओढीचे चार पंचमांश. हे मी वर्षानुवर्षं शिकवलंय, पण काल त्या आकड्यावरून नजर हलेना. एवढं वर जाऊनही पृथ्वीने जेमतेम पाचवा हिस्सा सोडलाय.

"एवढी ओढ, तर पडत कसा नाही?" बाबांनी विचारलं.

"पडतोच आहे, आजोबा. पण पुढे इतका पळतो, की तो जितका पडतो तितकीच खालची जमीन वळून गेलेली असते."

बाबांनी चमचा खाली ठेवला. कुसकुस गार झाला. मग ते म्हणाले, "सुबहानल्लाह. इतकं लांब जाऊन पाचातले चार हिस्से घरचेच राहतात म्हणता? जा मग, पोरी."

तुझी,
झुलेखा

ता. क. अट अशी, की आत्याने सोबत ओरानला राहायचं. फोन करून बाबांना समजाव, की माझी नोकरी इथे आहे.

आणखी ता. क. फोन करू नकोस. मला जायचंय. पण बाबांजवळ कुणीतरी हवं. तू परत येशील का?

माझ्या वहीत टिपलंय, उद्या कचेरी उघडताच: ओरानला बदलीसाठी अर्ज देणे.