दादा, तुझा बॉल डावीकडे पळत होता

प्रिय दादा,

आज दुपारी मी तुझं पॅनेल उघडलं. तुला विचारायची सोय नव्हती आणि आईने आन घातली होती, तरी उघडलं. आत जे सापडलं ते घरात कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणून तुला लिहितेय.

आठवतं, तू मशिनी दुरुस्त करायचास ते ठाण्यातलं गेमचं दुकान बंद झालं तेव्हा तू घरी काय आणलंस? लोक मिक्सर आणतात, आईला साडी आणतात. तू मोसंबीएवढा पांढरा बॉल आणलास! प्लायवूडच्या खोक्यात, तुझ्या त्या पॅनेलमध्ये, अर्धा वर, अर्धा आत असा बसवलास, टीव्हीला जोडलास. तळव्याने बॉल फिरवला की टीव्हीवरचा बाण फिरायचा. खोडाळ्याच्या बाजाराला येणारे लोकसुद्धा आपल्या ओटीवर वाकून बघून जायचे. मी म्हणायची, एवढा मोठा मेकॅनिक आणि खेळतोय काय तर गोटी!

मग लकव्याने बाचा उजवा हात गेला. जव्हारच्या डॉक्टरीणबाईंनी मुठीत दाबायला दिलेला स्पंज त्याने कोपऱ्यात फेकला. तू त्याचा तळवा उचलून बॉलवर ठेवलास आणि बाटल्या पाडायचा गेम लावलास. दोन महिन्यांत बा त्या हाताने भाकरी मोडायला लागला. हे तू केलंस, दादा. मी ते तुझ्या तोंडावर कधी बोलले नाही.

ज्येष्ठात काविळीने तुला नेलं. बा तरीही रोज बसायचा. कुणाशी बोलायचा नाही, नुसत्या बाटल्या पाडायचा.

दसरा झाला आणि बाण डावीकडे सरकायला लागला. बा उजवीकडे ढकलायचा, बाण डावीकडे. "हात गेला परत," एवढंच म्हणाला आणि उठला. दुसऱ्या दिवशी बसला नाही. तिसऱ्या दिवशी डाव्या हाताने जेवला. मग उजवा हात टॉवेलखाली झाकून ठेवायला लागला. काल मी तो टॉवेल ओढला तर बोटं आत वळलेली. दादा, मी घाबरले रे.

तू मला हे का शिकवलं नाहीस? "तू तुझी शिलाई मशीन सांभाळ, मंजे." कायम हेच! पण काम करताना तू स्वतःशी बडबडायचास आणि मी शेजारी ब्लाऊज शिवत सगळं ऐकायची. हे तुला ठाऊक नव्हतं ना?

आधी हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. हे तुझंच. म्हणून आज बाला समोर बसवलं. म्हटलं, "बा, दोन्ही हात मांडीवर ठेव." बॉलला कुणी शिवलं नव्हतं. बाण मधून निघाला आणि डावीकडे कडेला जाऊन टेकला.

"बघितलंस? तुझा हात कुठं आहे? दोष मशीनचा आहे, बा!"

मला वाटलं, आता तरी हसेल. पण आई दारात नागली पाखडत होती, तिचं सूप थांबलं.

"त्योच हाये," ती म्हणाली. "माझा पोर. त्योच फिरवतो."

बाचे डोळे भरले. त्याला स्वतःच्या हाताचं भानच राहिलं नाही. "नको उघडू, मंजे. ऱ्हाऊ दे तसा."

तुझा इतका राग आला मला! गेलास तो गेलास, आणि घरातली सगळ्यात चांगली जागा पटकावून बसलास? खरं सांगू? मीही तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं, दादा, असशील तर उजवीकडे ने. बाण डावीकडेच राहिला. पण तू जिवंतपणी तरी माझं कधी ऐकलंस?

मी माझ्या शिलाई मशीनचा स्क्रूड्रायव्हर काढला. आईने मनगट धरलं. "माझी आन हाये तुला!"

"आई, त्याचा हात बघ," मी म्हटलं. "दादा असता तर बाचा हात असा वळू दिला असता?"

ती बघत राहिली. मनगट सुटायला बराच वेळ लागला.

आत बॉलला टेकून फिरणाऱ्या दोन दांड्या, एक आडव्या चालीची, एक उभ्या चालीची. प्रत्येकीच्या टोकाला खाचांची चकती, चकतीच्या एका बाजूला बारका दिवा, दुसऱ्या बाजूला त्याचा उजेड टिपणारा डोळा. दोन्ही डोळ्यांच्या पिना बोर्डावर अदलाबदल करायच्या, हेही तुझंच. दोषाने दिशा बदलली तर डोळा बिघडलाय, नाही बदलली तर बोर्ड गेला. बोर्ड गेला असता तर मी काय करणार होते, कुणाकडे जाणार होते? पिना बदलल्या, बटण दाबलं. 

बाण वर निघाला.

"बग," आई म्हणाली, "वर चाललाय." पदर तोंडाला लावून ती रडायला लागली. मला मात्र हायसं वाटलं, बोर्ड शाबूत होता. तिच्यासमोर तसं वाटल्याची लाजही वाटली.

आडव्या दांडीचा डोळा लाल होता. कुंकवाने भरलेला. शेजारी एक अक्षतही अडकली होती.

दादा, ते मीच केलं. दरवर्षी दसऱ्याला तू पक्कड, पाना माझ्या मशीनशेजारी मांडायचास, पॅनेलवर झेंडूचं एक फूल ठेवायचास आणि माझं हळद-कुंकवाचं ताट हाताने बाजूला सारायचास. मी तुला नास्तिक म्हणायची. यंदा तू नव्हतास. तुझं हत्यार म्हणून बॉलला हळद-कुंकू लावलं, वरून मूठभर अक्षता टाकल्या, रडले. मग बाने बॉल फिरवला आणि सगळं आत गेलं. आठ दिवस बा जो हात झाकून बसला, तो माझ्यामुळे.

मशीनच्या ब्रशने झटकलं, स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, पिना जागच्या जागी लावल्या. लाल बोळा मुठीत लपवला.

बाण मध्ये उभा राहिला. हलेना.

"गेला?" आईने विचारलं.

 तेवढ्यात बाने मांडीवरचा हात उचलला. वळलेली बोटं बॉलवर टेकवली. बाण थरथरला, थांबला, मग वेडावाकडा उजवीकडे गेला.

"नाय गं," बा म्हणाला. "ह्यो मी हाये."

आईने टीव्हीकडे पाहिलं नाही. त्याच्या हाताकडे पाहत होती. मग आत गेली आणि त्याच्यासाठी भाकरी घेऊन आली.

लाल बोळा माझ्या मशीनच्या खणात आहे. आईला सांगेन, पण आज नाही. पुढच्या दसऱ्याला तुझ्या खोक्यावर झेंडूचं एकच फूल असेल, शब्द देते. आणि बाण पुन्हा आपोआप सरकला तर तुला हाक मारणार नाही. स्क्रूड्रायव्हर घेईन.

तुझी,
मंजी