साडूला रडवण्याची पूर्वतयारी

३ तारीख, सोमवार
काल साडूच्या घरी सगळ्यांनी मिळून त्या म्हाताऱ्या शिंप्याचा सिनेमा पाहिला. दूर गेलेल्या मुलासाठी तो कोट शिवतो. मुलगा येतच नाही. म्हातारा तरीही शेवटचं बटण लावतो. बस, एवढंच. मला जरा सर्दी होती. बटणाच्या वेळी साडू पाणी प्यायला आत गेला, तो परत आला मोबाइल रोखूनच. माझं शूटिंग सासरच्या ग्रुपवर. खाली लिहिलंय, टाकी भरून वाहतेय.
आज सासूबाईंनी फोनवर हिला विचारलं, टाकी कशी आहे?
सूड. सूड. सूड.

४ तारीख
योजना. साडूला आपल्या घरी बोलवायचं. तोच सिनेमा. तो रडला की व्हिडिओ कॉलवर अख्खं सासर बघेल. पाण्याची बाटली त्याच्या पुढ्यातच ठेवायची. बघू कसा उठतो!
मी मात्र रडता कामा नये. सराव हवा.

५ तारीख, लंच टाइम
ऑफिसची रेकॉर्ड रूम. बटणाचा सीन मोबाइलवर तीनदा. फायलींवर धूळ फार. शिपायाने न विचारता रुमाल दिला. आगाऊ.

८ तारीख
नववी वेळ. फक्त डावा डोळा. प्रगती आहे.

१२ तारीख
एकविसावी वेळ. दोन्ही डोळे कोरडेठाक! म्हातारा बटण लावत होता, मी टाचणीने दात कोरत होतो. ही म्हणते, सिनेमा म्हणजे तेवढंच असतं का? हिला तंत्र कळत नाही.

१६ तारीख, रविवार, दुपारी ३
मोबाइल फुलदाणीला टेकवून आरामखुर्चीवर रोखलाय. कॉलवर चौदा माणसं. बाटली जागेवर. साडू, आज गाठ माझ्याशी आहे.

३.४०
साडूची कंबर धरलीय म्हणे. लाकडी खुर्चीत बसला, आरामखुर्ची मला दिली. हरकत नाही. हा सीन झाला की मोबाइल फिरवतो. पोरगा सात वर्षांचा. बाप त्याच्या खांद्याचं माप घेतोय. पोरगा उंच दिसावं म्हणून टाचा उचलतो. बाप बघतो आणि तेच माप लिहून घेतो.
हा सीन सरावात नव्हता.

१७ तारीख, सोमवार
चौदा जणांनी पाहिलं. बॅटरी संपेपर्यंत.
बॅटरी गेल्यावर बटण आलं. साडू उठला नाही. बाटली समोर होती ना! रुमालात तोंड खुपसून म्हणाला, दरवेळी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतो, आज तुम्ही सोयच ठेवली नाहीत. त्याच्या मुलाचा आठ महिने फोन नाही. आम्हाला सांगायचा, रोज बोलतो.
म्हणजे जिंकलो की मी! सकाळपासून ग्रुपवर सगळं टाइप करतोय. चारदा लिहिलं, चारदा खोडलं. शेवटी पाठवलं, साडू म्हणजे दगड आहे, दगड. पापणीसुद्धा हलली नाही मेल्याची.
सासूबाईंचं उत्तर लगेच आलं. जावईबापू, भरपूर पाणी प्या. बरंच गेलंय.