आधी स्वतःच्या डोक्यावर

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा शिरटोप घडवणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. आयुष्यभर दुसऱ्यांची डोकी मोजली, तेव्हा माझे स्वतःचे ठिकाणावर आहे हे मला कोणी सांगावे लागत नाही. तरी धाकट्या भावाला शंका येईल, म्हणून डॉक्टरांना साक्षीला बसवले आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणू शकणारी एकच होती, ती मला सोडून पुढे गेली.

१. राहते घर मुलाला, गळक्या न्हाणीघरासकट. गळती काढ म्हणून मी त्याच्या कानीकपाळी ओरडत आलो. आता घर त्याचे, पाणीही त्याचेच.

२. बँकेतील ठेव मुलगा आणि मुलगी यांना निम्मी निम्मी. यावर भाष्य नाही.

३. धाकट्या भावाला काचेच्या कपाटातील सर्वांत खालचा टोप. वडिलांमागे आम्ही दोघे पितळी भांडी ठोकत होतो, तेव्हा सेनापती पुस्तकातले चित्र घेऊन दुकानात आला. सेनापती हे त्याचे टोपणनाव. जुन्या लढाया त्या काळच्या वेशात पुन्हा उभ्या करणाऱ्या हौशी मंडळींचा तो म्होरक्या. चित्रात प्राचीन ग्रीक टोप होता : गाल, मान, नाकावरची पट्टी, सगळे एकाच पत्र्यातून उठवलेले, कुठे सांधा नाही. भाऊ म्हणाला, भांडी ठोकणाऱ्याने भांडी ठोकावीत. मी पत्रा तापवला, ठोकला, पुन्हा तापवला, आणि शेवटी जे निघाले त्याला भावाने बादली म्हटले. नाक वाकडे होते, हे खरे. त्यानंतरचे टोप परदेशांतल्या संग्राहकांच्या कपाटांत बसले, पण भावाच्या तोंडची बादली काही सुटली नाही. म्हणून ती बादली त्यालाच. नीट पुसून ठेवावी.

४. कारखाना, भट्टी, ऐरणी, हातोड्या आणि चालू मागण्या मुलीला, संपूर्ण मालकीने. मुलगा कारण विचारणार, म्हणून लिहितो.

माझी गिऱ्हाइके दोन तऱ्हेची. संग्राहक टोप कपाटात ठेवतो, त्याच्या टोपाला डोके नसले तरी चालते. सेनापतीची माणसे तो घालून मैदानात उतरतात आणि खरोखर मार खातात. म्हणून आमच्याकडे नियम आहे : ज्याने टोप घडवला त्याने तो आधी स्वतःच्या डोक्यावर घालायचा आणि दुसऱ्याने त्यावर लाकडी मोगरीचा घाव घालायचा. मगच टोप उंबरा ओलांडतो. मी लोकांना टोप घातले, टोपी कधी घातली नाही.

मुलगा वाईट नाही. त्याची जीभ गोड आहे, माल त्यानेच खपवला. पण त्याने घडवलेला टोप त्याने वाळूच्या पोत्यावर चढवून ठोकला आणि टिकला म्हणाला. पोत्याला आई-बाप नसतात, एवढेच मी बोललो. पुढे तो बाहेरून यंत्रावर दाबलेली, दोन अर्धुके जोडलेली टोपडी आणू लागला.

मुलीने पहिला टोप केला तो रोमनांशी लढलेल्या गॉल लोकांच्या धाटणीचा : गोल डोके, मागे मानेवर पसरट पत्रा, बिजागरीवर हलणाऱ्या गालपट्ट्या. तिने तो घातला, हनुवटीखाली वादी आवळली आणि समोर येऊन उभी राहिली. माझा हात काही उठेना.

"बाबा, मुलगी म्हणून हलकं माराल, तर हा टोप विकता येणार नाही."

मी पूर्ण हाताने मारले. ती एक पाऊल मागे गेली, वादी सोडली, आणि डोके चोळण्याआधी तिने टोप तपासला. कारखाना कोणाचा, हे त्याच क्षणी ठरले.

५. मला टोप घालून अंत्यविधीला नेऊ नये. सेनापती हट्ट धरेल, ऐकू नये. चांगला टोप वाया जातो.

६. माझ्या नावाचा ठसा. प्रत्येक टोपात, मानेच्या आतल्या बाजूला, तो मारलेला असतो, म्हणजे आम्ही केलेली नक्कल जमिनीतून निघालेली पुरातन वस्तू म्हणून कोणाला खपवता येत नाही. मुलाचे म्हणणे, कारखाना तिला द्यायचा तर द्या, पण ठसा मला द्या, लोक ठसा बघूनच घेतात. ते खरे आहे, म्हणूनच त्याला देत नाही. कच्च्या मसुद्यात मी तो मुलीला दिला होता. तिने वाचले आणि त्या कलमावर पेन्सिलीने आडवी रेघ मारली.

मी भडकलो. बापाचे नाव नकोसे झाले का, असे नको ते बोललो. ती शांतपणे म्हणाली, "तुमचा ठसा तुमच्या हातच्या कामावर. तो मी मारला तर टोप खोटा होईल. आपण नकला करतो बाबा, खोटेपणा नाही करत."

मी तिच्याशी अबोला धरला. तो मोडला सेनापतीने. नव्या टोपाची मागणी द्यायला आला आणि माझ्या देखत म्हणाला की या खेपेला म्हाताऱ्याचा नको, पोरीच्या ठशाचा हवा. तिने स्वतःचा ठसा कोरून घेतला होता, हे मला तेव्हा कळले. मला वाईट वाटायला हवे होते. पण मी ती गोष्ट दिवसभर दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटलो.

सबब माझा ठसा कोणालाच नाही. या कागदावर सहीशेजारी तो मारतो, हा शेवटचा. लगेच साक्षीदारांसमोर मुलीने त्याचे तोंड कानशीने घासून सपाट करावे.

ठिकाण : कारखान्याची पुढची खोली
दिनांक : ६ नोव्हेंबर २०२३, सोमवार

लिहून ठेवणार : (सही) (ठसा)

साक्षीदार : १. डॉक्टर (सही) २. सेनापती (सही)

साक्षीदारांची नोंद : ठसा आमच्यासमोर मुलीने घासला. तिचे डोळे भरून आले होते. लिहून ठेवणाऱ्याने तो उजेडात धरून पाहिला आणि एक रेघ अजून दिसते, नीट घास, असे सांगून तिच्या हातात परत दिला.