बाबा, मी तिला आत जाऊ दिलं नाही

प्रिय बाबा,

मानेसरच्या कारखान्यातून परतताना कंपनीच्या बसमध्ये लिहितेय. घरी आईसमोर हे बोलता येणार नाही, म्हणून तुम्हालाच सांगते.

आज आमच्या पेंट शॉपला, गाड्यांना नव्हे तर मालाला रंग देतात त्या विभागाला, आग लागली.

तुमच्यासारखीच मीही सुपरवायझरना शिकवते, संकटाच्या पहिल्या काही मिनिटांत काय करायचं ते. लाइन बंद करा, अलार्म वाजवा, माणसं बाहेर काढा, मोजा. आणि परत आत जाऊ नका. कुणासाठीही! करोल बागच्या घरी आमटी गार होईपर्यंत तुम्ही हेच सांगत बसायचात. आई वैतागायची, "अहो, इथे कुठे आग लागलीय? जेवा ना आधी."

मग तुमच्या कारखान्यात आग लागली त्या दिवशी तुम्ही स्वतः का गेलात आत?

ज्याला शोधायला गेलात, तो मागच्या फाटकातून केव्हाच बाहेर पडला होता. नीट मोजलंच नव्हतं कुणी. तुम्ही मात्र परत आलाच नाहीत. लोक तुम्हाला शूर म्हणाले, तुमच्या फोटोला हार घातले. मी मात्र तुमच्यावर चिडले होते, बाबा. अजूनही चिडलेलीच आहे.

आज ड्यूटीवर सुनीता होती, मी शिकवलेल्या मागच्याच बॅचची सुपरवायझर. धूर दिसताच तिने लाइन थांबवली. मॅनेजर धावत आला. "अरे, दो मिनट रुको, डिस्पॅच का माल निकलने दो!"

"नहीं सर. पहले आदमी निकलेंगे." तिचा आवाज चिरकला, पण ती हटली नाही.

बाहेर मैदानात तिने एकेकाचं नाव पुकारलं. कंत्राटी कामगार रमेशने ओ दिली नाही. पुन्हा पुकारलं.

सुनीता पांढरीफटक पडली. "मॅडम, मेरी लाइन का आदमी अंदर है," म्हणत दाराकडे वळलीच. मी तिचं मनगट धरलं. तिने हिसडा दिला. "छोड़िए! मर जाएगा वो!"

बाबा, खरं सांगू? माझेही पाय आतच ओढ घेत होते. तुमचंही असंच झालं असेल ना? तेव्हा तुमचं मनगट धरायला कुणीच नव्हतं का हो?

मी ओरडले, "आख़िरी बार कहाँ देखा था उसे? सोच!"

ती थबकली. "मिक्सिंग रूम. पीछे वाला दरवाज़ा."

अग्निशमन दलाची गाडी आत वळली, तशी सुनीता गाडीपुढे धावली आणि नेमकं दार दाखवलं. मास्क आणि पाठीवर हवेचे सिलिंडर लावलेले दोघे जवान धुरात शिरले. आतून काचा फुटल्याचा आवाज आला. सुनीताची नखं माझ्या दंडात रुतली होती. नुसतं उभं राहणं इतकं अवघड असतं, हे मी वर्गात कधी शिकवलंच नव्हतं!

त्यांनी रमेशला उचलून आणलं. बेशुद्ध, पण श्वास चालू होता. आत्ताच हॉस्पिटलमधून फोन आला, शुद्धीवर आलाय, बायकोशी बोलला.

आनंद झाला, आणि लगेच रडूच फुटलं. शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "क्या हुआ बेटा?" म्हटलं, "पापा की याद आ गई."

तुम्ही थांबला असतात तर?

वर्गात मी आजवर तुमचं नाव घेतलेलं नाही. पुढच्या बॅचपासून घेईन. माझे बाबा फार मायाळू होते, हे सांगेन. ते चुकले, हेही सांगेन. सांगताना रडले तरी अर्ध्यावर सोडणार नाही.

तुमची,
मुक्ता