तेहतीस जुड्या

रविवार, दुपारचे तीन

प्रिय दादा,

नमस्कार. मी मजेत आहे, तूही तब्येतीला जपत असशील अशी आशा आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून क्रेटमधल्या तुझ्या चिठ्ठीला हे कागदावरच उत्तर. टेम्पोवाले काका पाचला निघतात, त्यांच्या हाती रिकाम्या क्रेटबरोबर देते.

तर तुझ्या या बहिणीने आज जन्मात पहिल्यांदा भाजी विकली. सहालाच वाचनालयासमोरच्या मैदानात पोचले. सगळ्यांच्या छत्र्या उघडून झाल्या, माझी काही उघडेना. शेवटी शेजारच्या अंडीवाल्या मावशींनी दांड्यावर एक बुक्की मारली तेव्हा कुठे उघडली. बाकी तू लिहिलं होतंस तसंच सगळं मांडलं. पुढे गाजरं, मागे बीट, मधे पाण्याचा हबका मारलेला पालक. वजनकाटा तेवढा उलटा ठेवला होता, तो एका गिऱ्हाइकाने हसत हसत सरळ करून दिला.

गिऱ्हाइकं एकेक नग आहेत रे! एक गृहस्थ प्रत्येक गाजर नाकाशी धरून "फवारणी केलीय का?" असं विचारत होते, जसं काही ते गाजरच उत्तर देणार. अर्ध्या तासाने एक गाजर घेऊन गेले. एका बाईंनी बिटाचा पाला कापायला लावला आणि माझ्याच टेबलाखाली टाकून गेल्या. एका आजींना पालकाच्या जुड्या फार आवडल्या. इतक्या नेटक्या कोण बांधतं म्हणाल्या. मी अभिमानाने सांगितलं, भावाच्या हातच्या आहेत. चाळीसच्या चाळीस अकरापर्यंत संपल्या.

एरवी दर रविवारी वहिनीच इथे बसायची, त्यामुळे तिची चौकशी सगळेच करतात. मी तू सांगितलंस तेच सांगितलं, तिच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, माहेरी गेली आहे, महिना तरी लागेल. मावशी तर तीनतीनदा विचारत होत्या, शेवटी मीच जरा करवादले.

शेत आणि घर एकटा कसं ओढतोस कोण जाणे. येऊ का दोन दिवस मदतीला? नको म्हणशील, माहीत आहे. नवा कुत्रा अनोळखी माणसाला फाडून खातो म्हणाला होतास, आणि आता त्याच्या हिशेबी मीही अनोळखीच की.

सुतळीचा गुंडा मागितला होतास, तो पाठवते आहे. चांगला जाड घेतलाय. पुढच्या रविवारीही मीच बसेन, तू निश्चिंत राहा. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझीच,
चिमणी


रविवारच, साडेतीन

वहिनी,

हा कागद तुला सुतळीच्या गुंड्याच्या पोटात सापडेल. आधी दाराकडे बघ. तो घरात नसेल तरच पुढे वाच.

दादाला आत्ताच एक हसरं-खेळकर पत्र लिहिलं. त्याला संशय येऊ नये म्हणून. ते जमेपर्यंत दोन कागद फाडावे लागले.

मला कसं कळलं ते सांगते. सकाळी एका बाईंना अर्धीच जुडी हवी होती. मी सुतळीचं टोक ओढलं आणि गाठ एका झटक्यात सुटली. दोन वेढे, टोक डावीकडून वर. आपल्या घरात डावरी तू एकटी. दादाची गाठ तर सुरीशिवाय सुटत नाही. लहानपणी त्याच्या बुटांच्या नाड्या आई कात्रीने कापायची. मी दुसरी जुडी पाहिली, तिसरी पाहिली, सगळ्या तुझ्या. देठ अजून ओले होते, म्हणजे पालक कालच कापलेला. तीन आठवड्यांपूर्वी माहेरी गेलेल्या बाईने काल जुड्या बांधल्या कशा?

मावशी माझ्याकडेच बघत होत्या. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मी काय उगाच तीनतीनदा विचारते का गं? ती आली नाही, पण तिचा हात आलाय." गेल्या रविवारी दादा स्वतः बसला होता, तेव्हाही त्यांनी विचारलं होतं. तो म्हणाला, "तुम्ही तुमची अंडी सांभाळा." या वेळी तुला तिथे एकटी ठेवून यायचा त्याला धीर झाला नसणार.

बाराच्या सुमाराला तुझ्या आईला फोन केला, गुडघा कसा आहे म्हणून. "गुडघ्याला काय धाड भरलीय?" त्या म्हणाल्या. "माझी लेक फोन का घेत नाही, ते सांग आधी." मी फोन ठेवून दिला.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. उन्हाळ्यात तू बॅग घेऊन माझ्या दारात आलीस. मनगटाला फडकं गुंडाळलेलं होतं. मी तुला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि आतल्या खोलीत जाऊन दादाला फोन केला. नवराबायकोचं भांडण आहे, होतील शांत, असं स्वतःला सांगितलं. तो तासाभरात आला. गाडीत बसताना तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. मनगटाबद्दल मी तुला काही विचारलंच नाही, कारण उत्तर ऐकायचं नव्हतं. आज टेबलामागे बसायला त्याला मीच का सुचले, हे मला दुपारी लख्ख कळलं. त्याच्या दृष्टीने मी त्याच्याच बाजूची. मला माझी शरम वाटते, वहिनी.

मावशींना टेबल सांभाळायला सांगून पोलीस चौकीवर जाऊन आले. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, वहीही उघडली, पण लिहिलं काहीच नाही. "सुतळीच्या गाठीवरून मी कुणाच्या घरात शिरू? तिच्याकडून काहीतरी खूण येऊ दे," म्हणाल्या. आणि मी एकटी आले तर तो मला फाटकातूनच परत पाठवेल. त्यानंतर त्याचा राग कुणावर निघेल, हे तुला मी सांगायला नको.

म्हणून एवढं कर. पुढच्या रविवारच्या पालकाच्या एका जुडीत बिटाचं एक पान घाल. एकच पुरे, त्याचा लाल देठ मला लगेच दिसेल. ते दिसलं की मी येते, सोबत माणसं घेऊन. तू काही लिहू नकोस. हा कागद पाण्यात भिजवून त्याचा लगदा कर आणि टाकून दे.

आठ दिवस कसे काढायचे मला कळत नाही. तुला तर ते तिथे काढायचे आहेत.

या वेळी दादाला फोन करणार नाही.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर तुझी,
नणंद


पुढचा रविवार, सकाळचे साडेआठ, टेम्पोत

दादा,

आज नमस्कार लिहीत नाही. तुझ्यासमोर उभी राहिले की माझी बोबडी वळते, लहानपणापासून वळते, म्हणून लिहून आणते आहे. हा कागद मीच तुझ्या हातात देणार आहे.

सकाळी पालकाचं क्रेट उघडलं. वरच्या सात जुड्या वेड्यावाकड्या, करकचून आवळलेल्या, देठ मोडलेल्या. तुझ्या गाठी. मावशींनी सुरी दिली तेव्हा सुटल्या. आत पालकाशिवाय काही नव्हतं. मला वाटलं, गुंड्यातलं पत्र तुला सापडलं. मी पुन्हा तिला तुझ्या ताब्यात दिलं.

"रडतेस काय नुसती?" मावशी ओरडल्या. "खालचं बघ की!"

खालच्या तेहतीस तिच्या होत्या. दोन वेढे, टोक डावीकडून वर. मी एकच पान मागितलं होतं. तेहतीसच्या तेहतीस जुड्यांत बिटाचं पान होतं, दादा. आणि त्या तेहतीसांतल्या सगळ्यात वरच्या, म्हणजे तिने शेवटी बांधायला घेतलेल्या जुडीला वेढे दोन आहेत, पण गाठ नाही. टोक तसंच लोंबतं आहे.

चौकीतल्या बाईंना मी बाजारातच बोलावून घेतलं. त्यांनी जुड्या हातात घेऊन पाहिल्या, पानं मोजली, मग ती अर्धवट जुडी आपल्या पिशवीत घातली. या वेळी त्यांनी वहीत लिहिलं. आता त्यांची गाडी आमच्या पुढे आहे. टेम्पोत काका, मी आणि मावशी. मावशींच्या मांडीवर छत्रीचा दांडा आहे, तुझ्या कुत्र्यासाठी. गाजरं, बीट सगळं टेबलावर तसंच टाकून आलोय.

सायकल मला तूच शिकवलीस. तापात माझ्या उशाशी तू बसायचास. माझ्याशी तू कधी वाईट वागला नाहीस, म्हणून तिच्याशीही वागत नसशील असं मी धरून चालले. तुझ्यावर माझं अजूनही प्रेम आहे आणि त्याचीच मला आज भीती वाटते. पण मी मागे फिरणार नाही.

बाकीचं त्या बाई विचारतील, मला एकच विचारायचं आहे. तेहतीस जुड्या तिने बांधल्या. चौतिसावी तुला का बांधावी लागली?

फाटक दिसायला लागलं. कुत्रा भुंकतो आहे, घरातल्या खिडक्या बंद आहेत.

दार उघड.

वहिनीची नणंद