जावयाचा लॅपटॉप

१९ एप्रिल २०२५

माझं लग्न बत्तीस जीबी रॅमवर आलंय.

स्थळ आणणारे मुंजाजी मामा सकाळीच आले. मुलगा अभिमन्यू, गेवराईचा. "हुंडा एक रुपया नको म्हणतेत. फकस्त पोराला एक लॅपटॉप. भारीतला." कोणता, ते कागदावर लिहून आणलेलं. आण्णांना ते कळेना, म्हणून मला हाक. "रोहिणे, तुला यातलं कळतं ना? बघ बरं."

कळतं. पाच वर्षं पुण्याच्या फर्मला बंगल्यांची थ्रीडी चित्रं इथून, नेकनूरहून करून देतेय – माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत, जुनाट लॅपटॉपवर, खालून वारा लागावा म्हणून तो दोन वाट्यांवर ठेवून. फर्म म्हणते, जूनपर्यंत चांगलं मशीन घ्या, कायम कामावर घेतो. दिवाळीत आण्णांकडं मागितलं तर म्हणाले, "पोरीला एवढा काहून? उद्या सासरीच जायचीस." झालं. आता लॅपटॉप सासरी चाललाय.

२२ एप्रिल

अभिमन्यूचा फोन. पहिल्यांदाच बोललो. मला वाटलं आवडीनिवडी विचारेल. विचारल्या – ग्राफिक कार्डाच्या. कशासाठी हवा? "कोडिंग." मग हळूच, "फ्रेम रेट किती मिळंल?" कोडिंगला फ्रेम रेट! बरं, एक टीबीत भागेल का? "गेमच दीडशे-दीडशे जीबीच्या असतेत." म्हणजे दोन टीबी. वर, तापायला नको, मांडीवर घ्यायचाय.

माझा वापर किती, स्टोरेज किती, मी कशानं तापते – काही विचारलं नाही.

२७ एप्रिल

बीडला जाऊन घेतला. आण्णांना पातळ पाहिजे होता, चारचौघांत दिसायला बरा. मी सांगितलं, पातळ असला की तापल्यावर स्वतःच वेग कमी करतो. मग जाड घेतला. वजन तीन किलोच्या आसपास, चार्जर वेगळा. दुकानदार मलाच म्हणाला, "ताई, गेम खेळता का?" आण्णा म्हणाले, "जावयाचाय."

लग्नाच्या यादीवर सह्या व्हायच्या दिवशी तो पाटावर मांडून दाखवायचाय. आईनं आजच हळदीकुंकू लावलं. नेमकं हवा जायच्या जाळीवर.

३० एप्रिल

"चालवून बघ, खराब निघाला तर आपलं नाक कापलं जाईल," आण्णा म्हणाले. चालवला. माझ्या जुन्यावर एक चित्र व्हायला चार तास लागतात. यावर अठरा मिनिटं. मला रडू आलं. चक्क मशीनसाठी. इतकी वर्षं मी काय सोसत होते ते अठरा मिनिटांत कळलं.

दुपारी खोलीत बेचाळीस अंश, मशीन पंच्याण्णववर. पंखे पिठाच्या गिरणीसारखे. मग वेग उतरला. लाईट गेली तर बॅटरीवर ताकद निम्मीच. हे सगळं प्रामाणिकपणे मुंजाजी मामांना सांगितलं – याला थंड खोली लागते.

गप्प बसायला हवं होतं.

४ मे

यादी. पाहुण्यांची वीस माणसं, पाटावर लॅपटॉप. मुलाचे काका मोठ्यानं वाचत होते. भांडी, कपाट, लॅपटॉप एक, मुलास. मग नवीन ओळ – एसी एक, लॅपटॉपसाठी. मामांनी निरोप पोचवला होता, अगदी चोख.

आण्णा सही करायला वाकले. किती टनाचा ते विचारायला मला बाहेर बोलावलं. यादीला पोरी बसत नाहीत, पण टन कुणाला माहीत?

मी म्हणाले, एक टनाचा पुरेल. खोली लहान असेल तर. आणि मग थांबलेच नाही. म्हणाले, गेम खेळायला निम्म्या किमतीचा चालतो. एवढा मला लागतो. पाच वर्षं पत्र्याखाली बसून कमावते, मला टेबलफॅन हवा का असं या घरात कुणी विचारलं नाही.

काका म्हणाले, "पोरगी लई बोलती." अभिमन्यू लॅपटॉपकडं बघत होता.

आण्णांनी पेनाला टोपण लावलं. "आमी कळवतो," म्हणाले.

५ मे

आई एवढंच म्हणाली, "झालं समाधान?" झालं नाही. आण्णांचं तोंड बघवत नाही.

९ मे

आण्णा तीन किलोचं खोकं उचलून जिना चढून आले. माझ्या टेबलावर ठेवलं. वाट्या उचलून खाली स्वयंपाकघरात नेल्या. मग जिन्यातूनच मुंजाजी मामांना फोन – "दुसरं स्थळ बघा. काई द्यायचं न्हाई. आदी येवढं इचारा, त्यांच्यात पोरीला कामाला बसायला थंड खोली हाय का."