धुलाई

३ तारीख, सोमवार
फसवलं! मला! लोकांच्या खिशात राहिलेल्या नोटा इस्त्री करून परत देणाऱ्या लॉन्ड्रीवाल्याला! मोठं वॉशिंग मशीन, सेकंडहँड, स्वस्तात. बायकोच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे काल पाठवले. ऑपरेशनच्या तारखेच्या आत दुप्पट करून तिला सरप्राइज देणार होतो. आज मशीन विकणाऱ्या त्या हरामखोराचा फोन बंद.
बायको म्हणाली, आधी बँकेला कळवा, मग पोलिसांना. मी म्हणालो, रडत जाणाऱ्यांतला मी नव्हे. त्याची धुलाई मी स्वतः करणार. इस्त्री आपटली. इस्त्री गेली.

४, मंगळवार
जाडजूड काठी आणली. आरशासमोर प्रॅक्टिस केली. आरसा गेला.
मेहुण्याचा फोन. म्हणे, फसवणुकीची हेल्पलाइन असते, लगेच कळवलं तर पैसे अडवता येतात. पुचाट माणूस. मोबाइल भिंतीवर फेकला. स्क्रीन तडकली, पण चालू आहे. म्हणजे राग कंट्रोलमध्ये आहे.

५, बुधवार
बँकेतून बोलतेय म्हणणारी एक बाई. संशय आहे, ते पैसे तुम्हीच पाठवलेत का, वगैरे. टोळीतलीच! तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि ब्लॉक केलं. माणूस एकदाच फसतो.

७, शुक्रवार
काठी गायब! पाहतो तर बायको ती टेकत जिना चढतेय. म्हणाली, हिचा फार आधार वाटतो हो. मी म्हणालो, हत्यार आहे ते. काढून घेतली. ती कठड्याला धरून उभी राहिली. वाईट वाटलं. पण हे सगळं तिच्यासाठीच तर चाललंय.

८, शनिवार
त्याने मोबाइलवर पाठवलेल्या पावतीवरच्या पत्त्यावर गेलो. बंद गोडाऊन. समोर एक टकल्या घिरट्या घालत होता. विचारलं, मशीनवाला तूच का? तो उलट मलाच म्हणतो, मशीनवाला तूच का? झालं! काठी त्याच्या पाठीत. त्याचं टक्कल माझ्या नाकावर. रक्ताची धार. मी त्याचा कान चावला, नाइलाजाने. त्याने माझा खांदा पिरगळला. माझे पैसे टाक म्हणून दोघं एकदमच ओरडलो, तेव्हा उजेड पडला. पण हात थांबायला जरा वेळ लागला.

९, रविवार
पोलीस चौकी. टकल्याने फसल्या दिवशीच तक्रार केली होती. त्याचे पैसे अडवलेत, मिळतील. तो नुसता पत्ता बघायला आला होता. साहेब म्हणाले, तुमचेही गुरुवारपर्यंत त्याच खात्यात पडून होते. बँकेने विचारायला फोन केला होता म्हणे, कुणीतरी घाणेरड्या शिव्या दिल्या.
मी नाकाला रुमाल लावून बसलो होतो. त्यामुळे बोलता आलं नाही.

१२, बुधवार
ऑपरेशनची तारीख रद्द केली. फोन बायकोनेच केला.
आज आपणहून चौकीत गेलो. म्हणालो, साहेब, मदत हवी होती, तेवढी काठी परत द्या. म्हणाले, पुरावा आहे, केस संपल्यावर बघू.
संध्याकाळी बायको माझ्या खांद्याला धरून जिना उतरली. दुखऱ्याच खांद्याला. ठणका डोक्यात गेला. पण ओरडलो नाही. ओरडलो असतो तर तिने हात काढला असता.